लॉर्ड मच्छिंद्र

नळदुर्गाच्या अलीकडं हायवेला मच्छिंद्रचा ढाबा आहे. बोर्डावर नुसतं 'ढाबा' लिहिलेलं. आजवर तेवढ्यावर भागलं. यंदा त्याला वाटलं, नावात वजन पाहिजे. 'लॉर्ड मच्छिंद्र' असं रंगवायला मल्लिकार्जुन पेंटर शिडीवर चढला होता. मी खाली शेपूची भाजी पुढ्यात घेऊन भाकरीची वाट बघत होतो.

चुलीपुढं त्याची बायको, चांगुणा. ज्वारीचं पीठ एका भाकरीपुरतंच मळावं लागतं, आधी करून ठेवता येत नाही. आणि ड्रायव्हरला ती तव्यावरचीच लागते. थापून थापून तिचं मनगट सुजलं होतं. हाताखाली एक बाई ठेवा, असं ती दिवाळीपासून म्हणत होती. मच्छिंद्र 'बघू' म्हणत होता. आधी बोर्ड.

"तात्या, तुमी जलमभर पेपरात लोकांच्या खोड्या काढल्या," तो मला म्हणाला. "लॉर्ड म्हंजे नेमकं काय, सांगा की."

"मोठा सरदार. पण शब्दाच्या अगदी मुळात, भाकरी राखणारा."

"भाकरी?"

"इंग्रजांकडं पाव. घरातला पाव ज्याच्या ताब्यात, तो लॉर्ड."

मच्छिंद्र गल्ल्यावर जरा ताठ बसला. "मग बरूबरच हाय की."

"अन् लेडी म्हणजे पीठ मळणारी."

चांगुणाचा हात थांबला. "अन् खाणारा?"

"तो चाकर. चाकराला भाकरी खाणाराच म्हणत."

"म्हंजे तिकडं बी एक राखतो, बाकीचे खात्यात, अन् मळणारी एकटीच."

हे ती रागानं म्हणाली नाही. रागवायलाही त्राण लागतं. तिनं उठून हात धुतले आणि गल्ल्यापाशी येऊन उभी राहिली.

"उठा. राखते म्या. तुमी थापा."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय!"

"खाऊ द्या की लॉर्डाच्या हातची."

मच्छिंद्र परातीपुढं बसला. पहिली भाकरी तव्यावर जाईस्तोवर तिचे तीन तुकडे झाले. शिडीवरून मल्लिकार्जुननं विचारलं, "मालक, काय लिवू?"

मालक कपाळाचं पीठ पुसत होता. खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या चांगुणानं सांगितलं, "लिव, भाकरी करणारी बाई पाहिजे."

तेच लिहिलं, लाल रंगात, सोलापूरकडून येणाऱ्याला लांबूनच दिसेल असं. बाई अजून मिळालेली नाही. चांगुणाची सूज उतरेपर्यंत मच्छिंद्र थापतोय. भाकरी कडेला जाड, मधे कच्ची. ड्रायव्हर तशीच खातात. दमून आलेले असतात.