पृथ्वीगोलाचा धडा

सरकारने चौथीला नीतिशिक्षण सक्तीचं केलं आणि प्रामाणिकपणावरचा धडा पाठ्यपुस्तकांच्या कचेरीतल्या एका उपसंपादकाच्या गळ्यात पडला. मुदत चार दिवसांची. गडी तीन दिवस पेन चावत बसला. चौथ्या दिवशी मात्र चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याने एका बैठकीत कागदावर उतरवली.

लहानपणी शाळेतला पृथ्वीगोल त्याने फोडला होता. त्या दिवशी वर्ग झाडायची पाळी ताईची, म्हणून आळ तिच्यावर आला. ती नाही नाही म्हणत रडली आणि हा शेजारी मूग गिळून उभा. वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढलं, ते कायमचंच.

साहेबांनी कागद परत सरकवला. "अहो, सरकारी पुस्तकातला मुलगा गप्प कसा बसेल? शेवटी त्याला कबूल करायला लावा."

तिथे त्याने भांडायला हवं होतं. पण खोटं कशाला बोला, त्याला हायसं वाटलं. अर्ध्या तासात पुस्तकातल्या भावाने गुरुजींपुढे कबुली दिली, बहिणीची शाळा वाचली आणि धडा मंजूर झाला. इतक्या स्वस्तात सुटका क्वचितच कुणाची होते.

पुस्तक छापून शाळांत गेलं. चौथीच्या परीक्षेच्या आधी तो ताईकडे गेला, तेव्हा ती मटार सोलत होती आणि तिची नात तोच धडा मोठ्याने वाचत होती. खिडकीजवळचं टेबल, कोपऱ्यातला झाडू, गोलाला गेलेला तडा, सगळं जसंच्या तसं. ताईचे हात थांबले.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"म्हणजे तो तू होतास."

त्याने नुसती मान हलवली.

"मी नाही म्हणून म्हणून थकले रे. मग मलाच वाटायला लागलं, माझाच झाडू लागला असेल. आजवर तसंच सांगत आले सगळ्यांना."

नात वही घेऊन पुढे सरकली. "आजी, भावाने कबूल केल्यावर बहिणीला काय वाटलं?"

ताई त्याच्याकडे बघत राहिली. माफी माग, आता तरी माग, असं तो स्वतःला बजावत होता, पण जीभ उचलेना.

"लिही, बहिणीला फार आनंद झाला," शेवटी ताईच म्हणाली. "हेच उत्तर लागतं ना रे, बारक्या?"

शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेत नमुना उत्तरही त्यानेच लिहिलं होतं.

"हो," तो म्हणाला, आणि नातीने ते वळणदार अक्षरात लिहून टाकलं.