बहात्तर सालचं कडं

परातीएवढी, कडेला साल टिकून असलेली सागवानी चकती म्हणजे मी. मित्रांनो, माझं झाड नांदेडकडच्या जंगलात वादळात पडलं आणि त्याचा ओंडका पुण्यात, भवानी पेठेतल्या दादामियाँच्या वखारीत आला.

ओंडक्याच्या फळ्या करायला करवत सुरू होणार, तोच आम्रपाली नावाची संशोधक तिथे आली.

"अहो, थांबा जरा. मला बुडाकडची एक चकती हवी आहे, सालीसकट."

"टीपॉय करायचाय?" दादामियाँनी विचारलं.

"पाऊस मोजायचाय."

"मग वेधशाळेत जा की!"

तिनं समजावलं, की साग दरवर्षी एक कडं वाढवतो. पाऊस चांगला झाला तर रुंद, दुष्काळात अरुंद. ज्या जुन्या काळातल्या पावसाची नोंद नाही, तिथे झाडं कामी येतात. दादामियाँनी चकती कापून दिली.

प्रयोगशाळेत आम्रपालीनं मला एका बाजूला पॉलिश पेपरनं घासलं आणि तिथे सालीपासून आत कडी मोजली. एकशे बेचाळीस भरली. पण त्याच जंगलातल्या इतर झाडांशी माझा मेळ बसेना. अलीकडची पन्नासेक वर्षं जुळत, त्याआधीची सगळी एका वर्षानं सरकत.

"जुळत नसेल तर बाद करा," तिचे वरिष्ठ म्हणाले. बाद झालेले तुकडे जिन्याखाली पडून होते. त्यांना वाळवी लागली होती.

आम्रपालीनं दोन दिवस मागून घेतले. मला फिरवून तिनं मध्यबिंदूपलीकडची, समोरची बाजू घासली. तिथे एक्काहत्तर आणि त्र्याहत्तरच्या मध्ये केसाएवढं एक कडं निघालं. बहात्तरच्या दुष्काळात झाडाला बुंध्याच्या एकाच बाजूनं वाढता आलं होतं. आता सगळी वर्षं जुळली.

ते पाहायला तिनं दादामियाँना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला.

"हे बहात्तर?"

"हो."

"त्या वर्षी मी नऊ वर्षांचा. शिरूरकडे दुष्काळी कामावर आईबरोबर खडी फोडायला जायचो. ती तिची भाकरी मला द्यायची. म्हणायची, मला भूक नाही." मग बोट सालीकडे सरकवत त्यांनी विचारलं, "पुढचं कडं कसं आहे?"

"चांगलं रुंद आहे."

"असणारच. पुढल्या वर्षी पाऊस झाला होता," ते म्हणाले.

सध्या मी नंबर घालून कपाटात ठेवलेली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे जुनं झाड पडलं, तर त्याचं सरपण करण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा. एकदा जळून गेली की ती वर्षं कुठून आणणार?