अकरा गावांचा नकाशा

मी एक नकाशा आहे. रशियाच्या पश्चिम भागाचा, टेबलभर पसरणारा लष्करी नकाशा. १९४१च्या वसंतात बर्लिनमध्ये मला छापलं. त्या वेळी जर्मनी आणि रशिया यांच्यात एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार होता. पण माझी शाई वाळायच्या आधीच मला कळून चुकलं, की तो करार दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर आहे. माझ्यावर मात्र त्या देशातली खेडी, पूल, विहिरीसुद्धा मोजून मांडल्या होत्या.

माझी पहिली घडी घातली ती वॉल्टर नावाच्या चोवीस वर्षांच्या लेफ्टनंटनं. नकाशे सांभाळायचे आणि रोज संध्याकाळी आपलं सैन्य कुठवर पोचलं ते निळ्या पेन्सिलीनं दाखवायचं, हे त्याचं काम. उन्हाळाभर निळे बाण पूर्वेकडे धावले. डिसेंबरात ते थांबले, मग मागे वळले. त्या माघारीत एका सकाळी वॉल्टरनं निळी पेन्सिल बाजूला ठेवून तपकिरी घेतली. माझ्यावरच्या अकरा गावांभोवती त्यानं लहान वर्तुळं काढली आणि प्रत्येकाशेजारी एक आकडा लिहिला. ते आकडे कशाचे, हे मला तेव्हा कळलं नाही.

युद्ध हरल्यावर तो अमेरिकेत आला. डेट्रॉइटजवळ एका मोटार कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला, पुढे साहेब झाला, जवळच्याच नोव्हाय गावात त्यानं घर घेतलं. मी त्याच्या तळघरात पुठ्ठ्याच्या नळीत चाळीस वर्षं पडून होतो. मुलांनीही मला कधी पाहिलं नाही.

१९९३च्या हिवाळ्यात देवानंदकाका आले. परभणीकडचे हे इंजिनियर. त्यांना अमेरिकेतली पहिली नोकरी वॉल्टरनंच दिली होती. त्यांच्याबरोबर रोशनी होती. मूळची नागपूरची, ॲन आर्बरला इतिहासात पीएच.डी. करणारी. हिटलर सेनापती म्हणून कितपत लायक होता, हा तिचा विषय.

"वॉल्टरनं सगळं डोळ्यांनी पाहिलंय," काका तिला म्हणाले. "काय हवं ते विचार."

वॉल्टर खुशीत होता. त्यानं मला फायरप्लेससमोरच्या टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर चार कप ठेवले.

"हिटलर पहिल्या महायुद्धात साधा कॉर्पोरल होता आणि शेवटपर्यंत कॉर्पोरलच राहिला," वॉल्टर म्हणाला. "त्याला नकाशा वाचता यायचा, बर्फ वाचता यायचा नाही. मागे सरायची परवानगी मागितली, की म्हणायचा, आहात तिथेच उभे राहा. स्टालिनग्राडला त्यानं एक अख्खं सैन्य असंच घालवलं. आमच्या सेनापतींचं ऐकलं असतं तर..."

"पण मॉस्कोवर जायचा हट्ट सेनापतींचाच होता ना?" रोशनी म्हणाली. "आणि फ्रान्सवरचा जो धाडसी बेत त्यानं उचलून धरला, त्याला त्यांच्यातलेच कितीतरी जण घाबरत होते. म्हणजे विजय तुमचे आणि पराभव त्याचा?"

वॉल्टर हसला. पण माझ्यावर टेकलेली त्याची बोटं आखडली. रोशनीनं वर्तुळांवर बोट ठेवून विचारलं, "आणि हे काय?"

"गवताची कोठारं. घोड्यांसाठी."

प्रत काढून परत देईन, असं सांगून ती मला आठवडाभरासाठी ॲन आर्बरला घेऊन गेली. ग्रंथालयात तिनं माझी झेरॉक्स काढली. वॉल्टरच्या तुकडीची रोजनिशी मायक्रोफिल्मवर होती, ती वाचली. मग गावागावांतल्या घरांची एक जुनी रशियन यादी मागवून आणली आणि माझ्यावरचे आकडे एकेक करून पडताळले. शेवटच्या आकड्यानंतर ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर बर्फ पडत होता.

पुढच्या रविवारी ती काकांबरोबर परत आली आणि तिनं मला त्याच टेबलावर ठेवलं.

"हे आकडे घरांचे आहेत," ती म्हणाली. "प्रत्येक गावातल्या सगळ्या घरांचे."

जाळात लाकूड तडतडलं. वॉल्टर ते चिमट्यानं सारत म्हणाला, "शत्रूला आसरा मिळू नये म्हणून जाळली."

"आणि माणसं?"

"बर्फात."

"हुकूम कोणाचा? हिटलरचा?"

गेल्या वेळी प्रत्येक चूक त्या नावावर टाकणारा वॉल्टर आता ते नाव घेईना.

"रोजनिशीत लिहिलंय, त्या दोन दिवसांत टेलिफोन बंद होता, वायरलेस बंद होता," रोशनी म्हणाली. "वरून काहीच आलं नव्हतं."

"त्याला काय हवं असेल, ते आम्हाला माहीत होतं," एवढं बोलून वॉल्टर पाणी प्यायला आत गेला.

काका घाईघाईनं मराठीत म्हणाले, "रोशनी, हे ड्रॉप कर यार. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस आहे. इथे मला कोणी उभं करत नव्हतं, तेव्हा यानं नोकरी दिली."

"काका, अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या वेळी तुमची वस्ती जाळली. तेव्हा कोणाचा लेखी हुकूम आला होता?"

काकांचा चेहरा राखेसारखा झाला.

वॉल्टर परत आला तो सरळ त्यांच्यापाशीच. "देवानंद, हा जाळात टाक. तू मला मुलासारखा आहेस."

काकांनी मला उचललं. ते जाळापाशी गेले. माझी कडा तापून पिवळी पडू लागली. मी वाट पाहिली.

"नाही," काका म्हणाले. "माझ्या हातानं नाही." त्यांनी मला टेबलावर ठेवलं, रोशनीचा कोट तिच्या हातात दिला, आणि दोघं निघून गेले.

गाडीचा आवाज विरल्यावर वॉल्टरनं कात्री आणली. बाणांना त्यानं धक्काही लावला नाही. वर्तुळं तेवढी कापली, शांतपणे, एकेक करून, आणि जाळात टाकली. ती गावं दुसऱ्यांदा जळताना मी पाहिली. त्यांची नावं मला विचारू नका. कागदाचा जेवढा भाग कापला जातो, तेवढं तो विसरतो.

तीन वर्षांनी वॉल्टर गेला. त्याच्या मुलानं घरातलं सामान गॅरेजसमोर विकायला मांडलं. देवानंदकाका त्यांच्या पत्नीला, शीलाकाकूंना, घेऊन आले होते. मला पाहून ते थबकले. माझ्या एका भोकातून त्यांनी बोट आरपार घातलं.

"रोशनीच्या थीसिसमध्ये अकराही गावांची नावं आहेत," ते म्हणाले. "शेवटी तिनं लिहिलंय, की हिटलर सेनापती म्हणून कितीही चुकला असेल, पण जिथे त्याचा हुकूम पोचत नव्हता, तिथेही त्याचं काम होत होतं. घ्यायचा का हा?"

"हे घरात नको बाई," काकू म्हणाल्या. काकांनी बोट काढून घेतलं.

आता मी हायवेजवळच्या एका दुकानात काचेमागे आहे. आजूबाजूला शिरस्त्राणं आणि पदकं. शनिवारी माणसं कॉफी घेऊन येतात आणि काचेवरून निळ्या बाणांवर बोटं फिरवतात. "महिनाभर आधी निघाला असता, तर जिंकला असता," एक म्हणतो. दुसरा म्हणतो, "सेनापती म्हणून वाईट नव्हता." त्यांचे डोळे चमकतात. असे चमकणारे डोळे मी पूर्वी पाहिले आहेत, बाण पूर्वेकडे धावत होते तेव्हा. भोकांबद्दल कोणी विचारलंच, तर दुकानदार अभिमानानं सांगतो, गोळ्या लागल्या आहेत.

मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. ॲन आर्बर इथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. ग्रंथालयात रोशनीचा थीसिस काढा, ती अकरा नावं उतरवून घ्या आणि एखाद्या शनिवारी, दुकान भरलेलं असताना, इथे येऊन मोठ्यानं वाचा. मलाही ती ऐकायची आहेत.