एका रात्रीची पाहुणी

आरोग्याच्या सर्वेवाल्या पोरी वाडीत आल्या आणि निवडीत नेमकं मथुराचंच घर निघालं, तेव्हा सुनंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. मथुरा तिची धाकटी जाऊ. मधली भिंत एक, चुली दोन, नवरे दोघींचेही मुंबईला. पण सासू मथुराच्या चुलीला, बाया बसायच्या त्या मथुराच्या ओटीवर, आणि आता दिल्लीच्या सरकारनेही विचारपूस करायची ती मथुराचीच!

वर्षभर सुनंदाचं अंग गळून गेलं होतं. घाटी चढली की डोळ्यांपुढे अंधारी येई. नवरा फोनवर म्हणे, "नाटकं करू नको." सासू म्हणे, "आमी काय कामां केली नाय?" या पोरींकडे बोटातल्या थेंबावरून रक्त किती ते सांगणारं यंत्र होतं. एकदा यंत्र बोललं की सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

"माजा पन बग ना गो," ती दीप्ती नावाच्या पोरीला म्हणाली.

"काकी, घरं वरून निवडून येतात. आम्हाला बदलता येत नाहीत." मथुरा दापोलीला गेली होती, म्हणून दीप्ती उद्या पुन्हा येणार होती. जाता जाता ती बोलून गेली, "निवडलेल्या घरात आदल्या रात्री झोपलेला माणूस, मग पाहुणा का असेना, तोच यादीत धरतो आम्ही."

झालं! तिन्हीसांजेला सुनंदा उशी काखोटीला मारून मथुराच्या दारात हजर. "उंदरांनी जीव नकोसा केलान गो."

वेगळी झाल्यापासून या घरचं पाणी न प्यालेली बाई पोटभर जेवली. मथुराने बांगड्याचा मधला तुकडा तिला वाढला. तोही तिला सलला. हिच्याकडे रोज असंच असणार!

सकाळी दीप्तीने हसू दाबत तिला पाहुणी म्हणून धरलं आणि बोट टोचलं. "हिमोग्लोबिन साडेबारा. छान आहे काकी, काळजी नको."

"पुन्ना बग. यंत्र बिगाडलाय तुजा."

मग मथुराचं बोट. सहा. दीप्तीचा चेहरा उतरला. "आजच्या आज दवाखान्यात न्या यांना."

सासूने कपाळाला हात लावला. वाडी गोळा झाली. कुणी सरबत आणलं, कुणी रिक्षा बोलवायला धावलं. "मना तर कायच होत नाय," म्हणत मथुरा घाबरून सगळ्यांकडे बघत राहिली.

सुनंदाला तिची दया आली, नाही असं नाही. पण त्याआधी मत्सर आला. दुखणंसुद्धा हिलाच! वर्षभर मरमर मरायचं मी, आणि रक्त कमी निघायचं हिचं.

"उभी काय रवलीस?" सासू तिच्यावर डाफरली. "सरकारच्या यंत्रानं सांगितलान ना तू धडधाकट म्हनून? आजपासून दोनी घरांचा पानी तूच भर."

सुनंदाने पदर खोचला. सगळ्या वाडीने ऐकलं होतं.

ती मथुराचा हंडा घेऊन विहिरीकडे निघाली. मेला हंडासुद्धा हिचाच मोठा.