क्लबचे पाय

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, सगळं झालं की मग काय ते बोल.

आमचा क्लब तुला माहितीये ना, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा? तो माझ्या काकांनी काढलेला. ते शाळेत शेवटच्या वर्षाला असताना त्यांची टीम दुसऱ्या एका शाळेशी फायनल हरली, म्हणून सगळ्यांनी ठरवलं, त्या शाळेला हरवल्याशिवाय सोडायचं नाही. पुढच्याच वर्षी त्या शाळेने क्रिकेट बंद केलं. सूड राहिला आणि क्लब सुरू झाला.

एके काळी दोन-दोन टीम उतरायच्या, असं काका सांगतात. शाळा संपली की क्लबची टोपी मिळावी म्हणून पोरं मैदानाच्या कडेला ताटकळायची. नियम एकच, खेळणारा आपल्याच शाळेचा हवा. पण मग शाळेतच मुलं येईनाशी झाली रे. आमची बॅच शेवटची. आमच्यामागे कुलूप लागलं, आता वर्गांमध्ये फरशांचं गोदाम आहे. माझ्याबरोबरचे नोकऱ्यांसाठी पांगले, आणि क्लबमध्ये माझ्या खालोखाल तरुण म्हणजे एक टक्कल पडलेला दातांचा डॉक्टर.

टीममधल्या वकीलकाकांनी एकदा विषय काढून पाहिला, "निदान जावयांना तरी घेऊ या."

काका म्हणाले, "मग क्लब कशाला म्हणतोस, सोयरीक म्हण."

झालं, विषय संपला.

आता हे नीट ऐक. आमच्या लीगमध्ये रनर चालतो. म्हणजे ज्याचे गुडघे गेलेत त्याने जागेवर उभं राहून नुसतं मारायचं, पळायला दुसरा. तो दुसरा म्हणजे नेहमी मीच. स्वतः आऊट होऊन आलो की पॅड सोडायची सोय नाही, लगेच कोणाचे तरी पाय बनून परत आत. आख्ख्या क्लबमध्ये सगळ्यात जास्त रन मी पळालोय आणि माझ्या नावावर काय, भोपळा. मला म्हणतातच 'क्लबचे पाय'.

मध्यंतरी काकांच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, चाला-फिरा, पण पळायचं नावही काढू नका. काकूने बॅट माळ्यावर टाकली. मग लीगच्या या शेवटच्या मॅचसाठी काकांनी इतकं तोंड पाडलं की तिनेच ती खाली काढली आणि मला दारात थांबवलं. "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं. तू पळ, ते उभे राहतील."

ही मॅच हरलो की आम्ही तळाला, म्हणजे लीगमधून बाहेर. परत यायला पंधरा जण दाखवावे लागतात, आमचे जेमतेम अकरा भरतात, त्यातही एकाला चेंडू दिसत नाही, नुसता ऐकू येतो. म्हणजे हरलो की कायमचं संपलं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सकाळपासून कोणी साधा विनोदही करत नव्हतं.

शेवटची जोडी उरली. काका बॅटिंगला, समोर वकीलकाका, आणि बाजूला अंपायरजवळ मी, काकांचा रनर. दोघांचे रन सारखे, जिंकायला एक रन हवा होता. बरोबरी होऊन भागणार नव्हतं.

वकीलकाका ओरडले, "मार रे, माझे गुडघे फार वेळ थांबायचे नाहीत."

आणि काकांनी मारला. असा सुंदर मारला, तुला काय सांगू, दोघांच्या मधून सरळ. फिल्डर पाठमोरा चेंडूमागे धावतोय. रन घरबसल्या होता. काकांनी फक्त उभं राहायचं होतं. मी सुटलो, अर्ध्यात आलो आणि सहज बाजूला बघितलं, तर काका पळतायत.

विसरले रे. इतक्या दिवसांनी चेंडू बॅटच्या मधोमध बसला आणि विसरले. एक हात छातीवर, चेहरा पांढराफटक, आणि हसत होते. मी तसाच पुढे गेलो असतो तर जिंकलो होतो. पण मी थांबलो. "काका, थांबा" म्हणून ओरडलो, आडवा गेलो आणि त्यांचा दंड धरला.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, तू इथे काय करतोयस? पळ ना."

मी हात सोडला नाही. चेंडू कीपरकडे आला. त्याने आमच्याकडे बघितलं, जरा थांबलासुद्धा बिचारा, आणि मग हळूच बेल्स पाडल्या. नियमच आहे, रनर असताना बॅटिंगवाला रेघेबाहेर सापडला की आऊट. मॅच बरोबरीत सुटली, आम्ही लीगबाहेर.

घरी सगळे म्हणतात, बरं केलंस. काकूने तर माझ्यावरून हात ओवाळला. काकांच्या डॉक्टरांना मी विचारलं, पळू दिलं असतं तर? ते म्हणाले, "काही झालं असतं, नसतंही झालं. सांगता येत नाही."

काका माझ्याशी बोलत नाहीत. रागवतही नाहीत, तेवढं तरी करायचं. काल गेलो तर काकू फरशी पुसत होती, काकांच्या पांढऱ्या टी-शर्टाने, क्लबचा बिल्ला तसाच शिवलेला. त्यांनीच दिला म्हणाली, पुसायला घे म्हणून. ती खुर्चीपाशी आली तेव्हा काकांनी दोन्ही पाय वर घेतले.

आता बोल. तू असतास तर काय केलं असतंस? पळाला असतास?