दांडीला बांधलेला कुमार

कुमारच्या मते परग्रहावरचे प्रगत लोक पृथ्वीवर येऊ शकतात. पुण्यातले लोक आमच्या गावी, भोंगवलीला येऊ शकतात का, यावर मात्र त्याचा व्हिडिओ अजून आलेला नाही.

कुमार हा आमच्या शेजारच्या कोंडिबांचा एकुलता एक. पुण्यात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर विश्वाचा कारभार बघतो. त्याच्या आईला, रतनवहिनींना, त्यातलं काही कळत नाही. पण लेकाचा आवाज कानावर पडतो, म्हणून भाकरी थापताना त्या व्हिडिओ लावून ठेवतात. दोन यात्रा झाल्या, लेक घरी आलेला नाही.

यंदा त्याला येणं भागच होतं. गावच्या पालखीला पुढचा खांदा कोंडिबांच्या घरचा, आणि कोंडिबांचा गुडघा गेलेला. घरचा माणूस उभा राहिला नाही तर मान भावकीतल्या धनाजीकडं जाणार होता. धनाजी वर्षभर खांद्याला तेल लावूनच बसला होता. कुमार येतो म्हणाला. वहिनींनी त्याची गोधडी धुऊन वाळवून ठेवली.

यात्रेच्या सकाळी त्याचा फोन आला. परग्रहवासीयांवर त्याचा रात्री लाइव्ह कार्यक्रम ठरला होता, त्यामुळं जमणार नव्हतं. पण आमचं गाव पुढारलेलं. पंचांनी तोडगा काढला, की कुमारनं व्हिडिओ कॉल लावावा, घरचा मोबाईल पालखीच्या दांडीला बांधावा आणि खांदा लागला असं धरावं. धनाजीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. कोंडिबांच्या उपरण्यानं मोबाईल बांधला, त्याच्याखालची जागा रिकामी ठेवली, आणि कुमार हात जोडून मिरवत निघाला. वजन बाकीच्यांनी उचललं.

कोंडिबांच्या दारात पालखी थांबली, तेव्हा खांदेकऱ्यांतल्या गेनूनं कुमारला विचारलं, की ते परग्रहावरचे लोक खरंच एवढ्या लांबून येतील का.

"येतील की, गेनूकाका," दांडीवरून उत्तर आलं. "अंतराचं काही नसतं. यायची गरज वाटली पाहिजे."

रतनवहिनी तांब्या घेऊन समोरच उभ्या होत्या. पालखी दारात आली की घरच्या बाईनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालून पाया पडायचं, मग ते वयानं लहान का असेनात. त्या दिवशी त्यांच्यात देव असतो. वहिनींनी एकेकाचे पाय धुतले आणि मोबाईलपाशी येऊन थांबल्या. खाली नुसती माती होती.

"कुमार, पाय कुठं हायती रं तुजे?"

तो हसला. फोन खाली करून त्यानं पाय दाखवले. गुळगुळीत फरशी होती आणि पायांत मोजे होते.

"दिसले का, आई?"

"दिसलं," वहिनी म्हणाल्या.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण माझा हात पुण्यापर्यंत पोचत नाही. वहिनींनी उरलेलं पाणी त्या रिकाम्या मातीवर ओतलं, वाकल्या आणि चिखलाला हात लावून पाया पडल्या.