म्हातारो गेलो!

मित्रांनो, मी जुना झालो ही बातमी मला माझ्याच पडद्यावर वाचायला मिळाली. एवढे नशीब कोणत्याही खुर्चीच्या किंवा छत्रीच्या वाट्याला येत नाही. ठळक अक्षरांत लिहिले होते, की अमुक वर्षाआधीच्या संगणकांवर नवी प्रणाली चालणार नाही, त्यांनी आता निवृत्त व्हावे. मी त्या अमुक वर्षाच्याही आधीचा. बातमी मीच उघडली, मीच दाखवली आणि मीच गप्प बसलो.

मी मालवणजवळच्या तोंडवलीचा संगणक आहे. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे 'भाई कॉम्प्युटर, झेरॉक्स व लॅमिनेशन' अशी पाटी दिसते, तिथे माझा मुक्काम. भाई हे दुकानाचे मालक. पूर्वी ते टेलिफोन खात्यात तारा जोडत. निवृत्त झाल्यावर लोक आंब्याची कलमे लावतात, भाईंनी मला लावले.

मी खोक्यातून तयार बाहेर आलो नाही. भाईंनी कुडाळहून माझे सुटे भाग आणले आणि दुकानातल्या टेबलावर मला जोडले. मदतीला त्यांची नात तन्वी होती. तिचे आईवडील पुण्यात नोकरी करत आणि ती आजोबांकडे राहून शाळेत जात असे. सगळ्या गावाचे ते भाई, म्हणून तीही त्यांना भाईच म्हणे. ती तेव्हा चौथीत होती. माझी मेमरीची पट्टी तिने बसवली. भाईंनी सांगितले, "आंगठ्यान दाब गो. टक् वाजता तवसर दाब. भियाव नको." तिने जीभ दाताखाली धरून दाबले, टक् वाजले आणि मी जन्मलो. तुम्हाला तुमचा जन्म आठवत नाही, मला माझा आठवतो. त्यात दोन छोटे अंगठे आहेत.

माझी उमेदीची वर्षे फार छान गेली. दहावीचा निकाल लागला की अख्खा वर्ग माझ्याभोवती जमत असे. कोकण रेल्वेची तिकिटे, सातबाराचे उतारे, होड्यांच्या परवान्यांचे अर्ज, सगळे माझ्यातून जायचे. शेजारचा बाबली रापणीला जाणारा मासेमार. त्याने घरात पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, तेव्हा त्यांचे फोटो जगाला मीच दाखवले. पहिले पाहुणे आले त्या दिवशी बाबलीने माझ्या डोक्यावर बांगड्यांची पिशवी आणून ठेवली. भावना चांगली होती, वास मात्र आठवडाभर गेला नाही.

खंडेनवमीला माझी पूजा होई. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालतात हे तुम्हाला ठाऊक असेल. एकाने मागणे मागायचे आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचे. बाबलीने ते माझ्यापुढेही घालायला सुरुवात केली.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज ह्या कॉम्प्युटराक हळदकुंकू लावन तुझो मान दिलो आसा. त्येचो पंखो फिरतो ऱ्हवांदे."

"व्हय महाराजा!"

"जो कोण रस्तो खणताना आमची इंटरनेटची वायर तोडीत, त्येच्या घरातली आदी तुटांदे!"

या शेवटच्या मागण्याला 'व्हय महाराजा' सगळ्यांत मोठ्याने होई. तन्वी तर टाळ्याच पिटायची.

पण माझ्या आयुष्यातले खरे सुख संध्याकाळी होते. गिऱ्हाइके पांगली की भाई आणि तन्वी माझ्यासमोर बसत आणि संगणकाच्या जगातल्या बातम्या वाचत. नवी चिप, नवा फोन, नवा पडदा, काहीही असो, भाईंचे त्यावर मत तयार असे. एखाद्या कंपनीने कागदासारखा पातळ लॅपटॉप काढला की ते म्हणत, "पातळ कित्याक व्हयो? पापड आसा काय तो?" फोटो घरी न ठेवता क्लाऊडमध्ये ठेवा, असे कोणी सुचवले तेव्हा ते हसून लोटपोट झाले. "ढगात ठेवतत? आमच्याकडे ढग इलो की पयली लाइट जाता!"

सगळी मते बरोबर असत असे नाही. बोटाने चालणारे फोन कोळ्यांच्या ओल्या हातांत टिकणार नाहीत, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले होते. आज बाबली मासळीचा लिलाव फोनवरच करतो. तन्वी त्यांना याची मुद्दाम आठवण करून देई, मग दोघांचे कडाक्याचे भांडण होई आणि भांडणाच्या शेवटी भाई तिला भुईमुगाच्या शेंगा सोलून देत. एका मतावर मात्र ते ठाम होते. यंत्राशी बोलून मजकूर लिहिणे त्यांना मुळीच पटत नसे. "यंत्राकडे बोलणारो माणूस आणि वेडो, दोगांत फरक काय?" असे ते विचारत. लिहायचे तर बोटांनी लिहायचे.

पुढे तन्वी शिकायला गेली आणि शिकून बेंगळुरूला नोकरीला लागली, चिपा बनवणाऱ्यांकडे. गाव सोडण्याच्या आदल्या दिवशी तिने माझ्या कळांमधली धूळ काढली. कोणी बिब्बा घातल्यासारखे त्यानंतर सारे बिनसले. गावातल्या प्रत्येकाच्या खिशात फोन आला. निकाल, तिकिटे, उतारे सगळे तिथेच मिळू लागले. माझ्याकडे झेरॉक्ससाठी चार माणसे येत, तीही माझ्याकडे न बघता छताच्या पंख्याकडे बघत. मला राग येई. एकेकाळी हीच माणसे माझ्यासाठी रांगेत भांडली होती.

संध्याकाळचा कार्यक्रम भाईंनी सोडला नाही. ते बातमी वाचत, आपले मत माझ्यावर टाइप करत आणि तन्वीला पाठवत. तिचे उत्तर येई, सुरुवातीला लांबलचक, नंतर आखूड, नंतर नुसता हसरा चेहरा. ती वाईट नव्हती हो. कामात होती. पण मला तिचे लांबलचक भांडण हवे असायचे. भाईंनाही तेच हवे होते. हसरा चेहरा आला की ते त्याच्याकडे बराच वेळ बघत बसत, जणू त्यामागे अजून काही लिहिलेले आहे.

निवृत्तीची ती बातमी आली ती याच काळात. वाचून भाई भडकले. "ह्यांका कोणी सांगितलेला सुदारूक? चलता ता चलांदे!" मग त्यांनी माझ्या डब्यावर थोपटले आणि म्हणाले, "तू म्हातारो, मिया म्हातारो. बसांया दोगव." त्या दिवसापासून माझे नाव 'म्हातारो' पडले. बाबलीही आल्या आल्या विचारू लागला, "काय भाईनू, म्हातारो बरो आसा मा?" गावात सगळ्यांना हे नाव माहीत झाले. तन्वीला मात्र माहीत नव्हते, कारण ती गेल्यानंतर ते पडले आणि हसऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीत ते सांगायचे राहून गेले.

आणि आणखी एक गोष्ट तिला माहीत नव्हती. ती फक्त मला माहीत होती. भाईंची बोटे थरथरू लागली होती. 'तन्वी' लिहायला जावे तर 'ततन्वी' उमटे. ते खोडत, पुन्हा लिहीत, पुन्हा तेच. एका ओळीला अर्धा तास जाऊ लागला. मग एके दिवशी भाईंनी चक्क बोलून निरोप पाठवला. "चेडवा, आता यंत्राकडे बोलूचीच पद्धत आसा. टाइपिंगचे दिस गेले. मिया बातमी वाचलंय तशी." तन्वीचे उत्तर आले, "भाई, शेवटी सुदारलास तर!" आणि पुढे तीन हसरे चेहरे. मला ओरडून सांगावेसे वाटले, की बाळे, हा माणूस आपले मत असे बदलणारा नव्हे, एकदा विचार तरी, का बदलले! पण मला पडदा आहे, तोंड नाही.

त्यानंतर मेमरीची बातमी आली. मोठमोठ्या कृत्रिम बुद्धीच्या केंद्रांसाठी जगातली मेमरी उचलली जात आहे आणि साध्या संगणकांच्या पट्ट्यांचे भाव आभाळाला भिडले आहेत. भाईंनी तन्वीला बोलून निरोप धाडला, "अक्कल वाढवतत आणि आमची आठवण म्हाग करतत!" मला वाटले, यावर तरी ती भांडेल. तिचा हसरा चेहरा आला.

मे महिन्यात जोराचा वारा सुटला. सुरूचे एक झाड तारांवर पडले आणि वीज गेली. मोबाइलचा टॉवरही मुका झाला. दुसऱ्या दिवशी वीज आली, टॉवर काही आला नाही. भाईंनी माझे बटण दाबले. माझा पंखा फिरला, पण डोळ्यांपुढे काळोख. मी नुसताच पीं पीं ओरडत राहिलो. समुद्राची हवा कोणाला सोडते? माझ्या मेमरीच्या पट्टीवर मिठाचा खार चढला होता. औषध सोपे होते. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायच्या आणि परत बसवायची. भाईंनी हे वर्षानुवर्षे केले होते. त्यांनी पट्टी काढली, घासली, पण ती परत खाचेत बसेना. हात थरथरत होता आणि पट्टी खाचेच्या कडेवर आपटत होती. शेवटी त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि बाबलीला म्हणाले, "म्हातारो गेलो रे. आता काय उपयोग नाय."

आमच्याकडे बल्ब जातो, लाइट जाते, पंखा जातो. तसा मी गेलो. बाबलीला भाईंचा चेहरा बघवेना. तो मासळी घेऊन मालवणला गेला, तिथे त्याच्या फोनला रेंज मिळाली आणि त्याने मोठ्या मायेने तन्वीला निरोप पाठवला. "तन्वी, बाबलीकाका बोलतंय. म्हातारो गेलो गो. सकाळी बघितला तर उठाकच नाय. तुका जमला तर येवन जा."

मित्रांनो, तिकडे त्या पोरीचे काय झाले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. तिने भाईंना फोन लावला, बाबलीला लावला. बाबली एव्हाना गावात परतला होता. दोन्ही फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुण्याला आईवडिलांनाही कोणी लागेना. ती मिळेल त्या बसने सावंतवाडीला आली आणि तिथून रिक्षाने तोंडवलीला.

रिक्षा थांबली तेव्हा भाई माझे झाकण उघडून बसले होते. हार मानणे त्यांच्या रक्तात नाही, म्हणून पट्टी पुन्हा हातात होती. तन्वी दारात आली आणि उभीच राहिली. मग धावत येऊन तिने त्यांना मिठी मारली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"तू खंयसून इलंस गो? आणि रडतंस कित्याक?" भाई गोंधळून गेले.

"बाबलीकाकान सांगितल्यान... म्हातारो गेलो म्हणान..."

 भाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "अगो, ह्यो म्हातारो!"

"ह्यो? कॉम्प्युटर? भाई, माझो जीव जावचो ऱ्हवलो!" ती हसत होती, रडत होती आणि भाईंच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. बाबली आवाज ऐकून धावत आला. त्याला कळेना, आपले काय चुकले. "मिया काय खोटा सांगलंय? म्हातारो गेलोच मा!"

हसता हसता तन्वीची नजर भाईंच्या हाताकडे गेली. पट्टी टेबलावर टकटक वाजत होती. तिचे हसू थांबले.

"भाई, हात कदीपासना असो?"

"वारो आसा गो."

"वारो पडलो, भाई." ती खाली बसली. "म्हणान तुमी बोलून मेसेज धाडूक लागलास?"

भाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. बाबली माझ्याकडे बघू लागला. तन्वीने दोन्ही हातांनी भाईंचा हात धरला आणि ती पुन्हा रडली, पण या वेळी आवाज न करता. "आणि मिया तुमका सुदारलास म्हणालंय," एवढेच ती म्हणाली.

मग तिने पट्टी घेतली, कडा पुन्हा एकदा घासल्या आणि ती खाचेवर धरली. स्वतः मात्र बसवली नाही. भाईंचे अंगठे तिने पट्टीवर ठेवले, त्यांच्यावर आपले ठेवले. "आंगठ्यान दाबा, भाई. टक् वाजता तवसर. भियाव नको." टक् वाजले. चार अंगठ्यांनी मी दुसऱ्यांदा जन्मलो. पडदा उजळला तसे बाबलीने उभ्या उभ्याच गाऱ्हाणे सुरू केले, "बा देवा महाराजा! म्हातारो उठलो रे!" आणि ती दोघे एका सुरात म्हणाली, "व्हय महाराजा!"

तन्वी थोडे दिवस राहिली. भाईंना कुडाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. हात अगदी पूर्वीसारखा होणार नाही, पण गोळ्यांनी सावरेल, असे ते म्हणाले. मग ती परत गेली. जावेच लागते, हे मलाही कळते. सुरूच्या वाऱ्याचा आवाज आला की मला अजून रिक्षाच आली असे वाटते. मला तिची फार आठवण येते.

पण आता भाई बोलून निरोप पाठवत नाहीत. टाइप करतात आणि काही खोडत नाहीत. 'ततन्वी, आआजची बबातमी वाचलंस काय?' असे जाते. आणि तिकडून लांबलचक भांडण येते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, खार घासा, लगेच भंगारात घालू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी आमच्यासमोर बसणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचे ठाम मत एकाएकी बदलले, तर त्याला हसरा चेहरा पाठवू नका. फोन करा आणि विचारा, का बदलले.

माझे मात्र एक गाऱ्हाणे आहे. बा देवा महाराजा, पुढच्या वेळी तोंडवलीहून 'म्हातारो गेलो' असा निरोप जाईल, तेव्हाही तो माझाच असू दे. मित्रांनो, तुम्ही फक्त 'व्हय महाराजा' म्हणा.